कोयत्यानं कापलेला केक

मी कंपन्यांना बायका पुरवायचे. हे वाक्य वाचून कुणाला हसायचं असेल तर त्यांनी हसून घ्यावं. बारामतीत तीस वर्षं लोक हसले आणि मग आपली सून, भाची, मेहुणी घेऊन माझ्याच दारात आले.

धंदा असा. एमआयडीसीत कंपनी आली की मशिनवरची माणसं साहेब लोक कुठून कुठून आणतात. पण माल निवडायला, भरायला, चिकटवायला, फरशी पुसायला, कॅन्टीनला भांड्यांना बायका लागतात, आणि त्या उद्या सकाळी सातला लागतात. त्या कुठं मिळतात हे साहेबाला माहीत नसतं. मला माहीत होतं. इंदापूर तालुक्यात कुठल्या वस्तीवर कुठली बाई रिकामी आहे, कुणाची सासू सोडेल, कुणाचा नवरा सोडणार नाही आणि तरी ती येईल, हे मला पाठ होतं. आधी मी खुरपणीच्या टोळीची मुकादम होते. मग द्राक्षाच्या बागांना बायका न्यायला लागले, मग कंपन्यांना. शाळा चौथीपर्यंत झाली. हजेरीची वही लिहायला तेवढी पुरली.

बाई देताना कागद फार नसायचे. माझा शब्द असायचा. बाईनं काही उचललं, भांडण केलं, चार दिवसांत पळून गेली, तर तिला कुणी विचारत नव्हतं, मला विचारायचे. म्हणून मी बाई बघून घ्यायचे. तिच्या घरी चौकशी करायची नाही, हा माझा नियम. चार घरं सोडून करायची. शेजारीण म्हणाली, “कामाला बरी हाय, पण तोंडानं फटकळ हाय,” तर बाई घ्यायची. शेजारीण फार गोड बोलायला लागली तर समजायचं, हिला ती बाई गल्लीतनं घालवायची आहे. पिठाच्या गिरणीत पण विचारायचे. गिरणीवाल्याला गावातल्या प्रत्येक घरातलं कळतं, आणि आवाजामुळं तो मोठ्यानं सांगतो.

मग फोन आले. पहिली काही वर्षं फोनचा मला फायदाच झाला, बायका गोळा करायला वस्त्यावस्त्यांवर हिंडावं लागेना. मग बायका फोनवर फोटो टाकायला लागल्या आणि माझी शेजारीण कामातून गेली. साहेब लोक मला विचारायच्या आधी फोनमध्ये बघायला लागले.

यमुना नावाची एक बाई होती. तिनं टायफॉइड झाला म्हणून तीन दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला बोलावलं आणि फोन पुढं धरला. यमुना गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलेली, पदर वाऱ्यावर, तोंड उघडं.

“आक्का, हा टायफॉइड?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “ताप डोक्यात गेला असंल. त्याशिवाय वर कोण बसतंय?”

तो हसला आणि यमुना वाचली. तिनं सुपरवायझरला दिसू नये म्हणून काहीतरी बटण दाबलं होतं म्हणे. पण सुपरवायझरची बायको तिच्याच माहेरच्या गावची निघाली. आमच्याकडं कुणापासून काही लपवायचं तर आधी सोयरीक तपासावी लागते.

शालन वाचली नाही. तिनं कॅन्टीनच्या डाळीत अळी बघितली, फोटो काढला आणि “आज आमचं जेवण” असं लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गेटवरच अडवलं. तिच्याबरोबर माझ्या तीस बायका त्या कंपनीत होत्या. मी शालनला सांगितलं, जा, चूक झाली म्हण, फोटो काढून टाक. ती म्हणाली, “आक्का, अळी खोटी व्हती का?”

अळी खरी होती. ती डाळ मीही खाल्ली होती. तरी मी दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई दिली. तीस घरांच्या चुली एका अळीपायी विझवायच्या नाहीत असं तेव्हा मी मनाला सांगितलं. ते बरोबर असेलही. पण शालन आता बाजारात भाजी विकते आणि माझ्या पिशवीत भाजी टाकताना माझ्या तोंडाकडं बघत नाही. मीही तिच्याकडूनच घेते, दुसरीकडं जात नाही. माफी मागितलेली नाही. माफी मागून तिची नोकरी परत येत नाही.

हे सांगितलं ते अशासाठी की ऋतुजाच्या वेळी मी एवढी धावपळ का केली हे कळावं. एरवी मी कुणासाठी पळणारी बाई नाही.

ऋतुजा इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याची. तिचा आजा मेंढरं राखायचा. बापानं मेंढरं विकून थोडी जमीन धरली, त्यात भागत नाही म्हणून हंगामात नवराबायको जवळपासच्या गावांतला ऊस तोडायला जातात. ट्रॅक्टरच्या मागं आठ-दहा माणसांची टोळी असते. ऋतुजाची आई सखू पूर्वी माझ्या खुरपणीच्या टोळीत होती. पोरगी बारावी सायन्स झाली आणि त्यानंतर दोन हंगाम आईबापाबरोबर फडात गेली. फड म्हणजे ऊस तोडायचा चालू असतो ते रान. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर सखू माझ्याकडं आली. तोवर मी धंदा सोडला होता, गुडघे गेले होते.

ती म्हणाली, “आक्का, पोरगी म्हणती, पुढच्या साली कोयता हातात धरणार न्हाय. तिचा बाप म्हणतो, मग काय धरणार? तुमीच बघा.”

फळांचा रस बाटल्यांत भरणारी एक कंपनी होती. तिथं लॅबमध्ये मदतनीस हवी होती. रसाचे नमुने काढायचे, काचेची भांडी धुवायची, आकडे लिहायचे. कंत्राटी नाही, कायमची जागा, आणि जागा एकच. मी जुन्या ओळखीनं तिचं नाव घातलं. कंपनीत माणसं निवडायचं काम पुण्याहून आलेल्या एका मॅडमकडं होतं. वयानं तिशीच्या आतबाहेर, चष्मा, बोलणं अर्धं इंग्रजी. त्यांनी ऋतुजाची मुलाखत घेतली. पोरगी घाबरली होती, पण उत्तरं नीट दिली. मॅडमनी मला फोन करून सांगितलं, “आक्का, मुलगी आवडली. शनिवारी लिस्ट वरती जाईल, तिचं नाव टाकते.”

झालं, असं मला वाटलं. मधे ऋतुजाचा वाढदिवस आला.

बुधवारी मॅडमचा परत फोन. “आक्का, जरा भेटायला या. ते नाव काढावं लागेल असं दिसतंय.”

मी गेले. मॅडमनी फोन पुढं धरला. कंपनीतल्या एका माणसानं व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर पाठवला होता. त्या माणसाची भाची त्याच जागेसाठी आली होती. त्याचं नाव मला माहीत आहे, लिहीत नाही. व्हिडिओत उसाचा फड. ट्रॉलीच्या फळीवर केक. ऋतुजा डोक्याला रुमाल बांधून उभी, हातात कोयता. ती कोयता वर करते, कॅमेऱ्याकडं बघते आणि खाली आणते. केकचे दोन तुकडे. मागं गाणं लावलेलं, आमच्या वाटेला जाल तर उभे चिराल अशा अर्थाचं. खाली लिहिलेलं, “वाघीण”.

मी दोनदा बघितलं. काय चुकलं ते मला कळेना. मला वाटलं, कामाच्या वेळेत केक कापला म्हणून कंपनी रागावली.

मी म्हटलं, “मॅडम, जेवणाच्या सुट्टीत कापला असंल.”

“आक्का, तिच्या हातात काय आहे ते दिसत नाही का तुम्हाला?”

“कोयता हाय.”

“कोयता! कोयत्यानं केक कापतीय ती!”

“मग फडात दुसरं काय असतंय?”

मॅडमनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पुण्यात त्या राहतात तिथं मागच्या वर्षी पोरं कोयते नाचवत सोसायटीत शिरली, रांगेनं गाड्यांच्या काचा फोडल्या. मॅडमच्या आईनं ते खिडकीतून बघितलं. त्यांची आई अजून संध्याकाळी खाली उतरत नाही. शहरात पोरं कोयत्यानं, तलवारीनं केक कापून फोटो टाकतात आणि पोलीस त्यांना उचलतात. “वरच्या साहेबांनी हे बघितलंय. ते म्हणाले, अशी मुलगी लॅबमध्ये नको. मी काय सांगू त्यांना?”

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. त्यांना भीती वाटली होती, आणि भीती वाटलेल्या माणसाला शहाणपण शिकवण्यात अर्थ नसतो. पण मला त्या व्हिडिओत भीती दिसत नव्हती. कोयता आमच्याकडं घरात पोळपाट असतो तसा असतो. पोरं त्याच्यानं नारळ फोडतात, बाया लाकडं फोडतात, म्हातारे नखं सुद्धा काढतात.

मी तिथून निघाले ती रिक्षा करून थेट फडावर. ऋतुजा मोळी बांधत होती. मी बांधावरनंच ओरडले, “कोयत्यानं केक कापलास व्हय गं?”

ती म्हणाली, “मग काय हातानं तोडायचा?”

सखू म्हणाली, “सुरी घरी व्हती, आक्का.”

मी सगळं सांगितलं. ऋतुजाच्या हातातलं मोळी बांधायचं वाढं, उसाचा हिरवा शेंडा, गळून पडलं. सखूला पहिल्यांदा काही कळेना, मग ती पोरीच्या अंगावर गेली, “मी म्हनत व्हते, फोन फेक त्यो!” पोरगी रडली नाही, नुसती पांढरी पडली. व्हिडिओ तिनं काढलाच नव्हता. काढला होता टोळीच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं, निवृत्तीनं. त्यानं तिला पाठवला, तिनं आपल्या स्टेटसला लावला.

आता माझी चूक सांगते. मी तीस वर्षांची सवय काढली. डाग दिसला की धुवायचा. मी म्हटलं, “आत्ताच्या आत्ता समदं पूस. फोटो, व्हिडिओ, तुझं खातं, जे काय असंल ते मुळापासनं. निवृत्तीला पण सांग पुसायला.”

ती म्हणाली, “आक्का, पूर्ण व्हिडिओ लई मोठा हाय, त्यात—”

“मोठा असू दे न्हायतर बारका. पूस.”

तिनं माझ्यासमोर पुसलं. मी बघत होते. तिचे अडीच वर्षांचे फोटो होते त्यात, बारावीच्या निकालाचा पण. मी तिला एकही ठेवू दिला नाही.

गुरुवारी मी मोठ्या तोऱ्यात मॅडमकडं गेले. म्हटलं, “समदं काढून टाकलं. आता काय बी शिल्लक न्हाय.”

मॅडमनी कपाळावर हात ठेवला. “अहो आक्का, काढलं कशाला? आता वरचे साहेब म्हणतील, लपवलं. माझ्याकडं हे सतरा सेकंद राहिलेत फक्त. त्याच्या आधी-नंतर काय होतं ते असतं तर दाखवता आलं असतं की हा कोयता कामाच्या जागेचा आहे, गंमत आहे. आता मी काय दाखवू?”

 गिरणीवाल्याकडं चौकशी करून बाई निवडणारी मी, मला एवढं कळायला हवं होतं. शेजारणीकडं जाऊन बोलणं मिटवता येतं, कारण माणसं विसरतात. फोनमधलं तसं नसतं. आपल्याकडचं पुसलं तरी दुसऱ्याकडचं राहतं, आणि जे राहतं ते आपल्याला हवं ते नसतं. पोरगी मला सांगत होती, मी ऐकलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “उद्या संध्याकाळपर्यंत थांबते. शनिवारी लिस्ट जाणार.”

शुक्रवारी सकाळी निवृत्तीला शोधायला माळेगावला गेले. हंगामात कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, ऊस उतरवायची पाळी येईपर्यंत ड्रायव्हर तिथंच खातात, तिथंच झोपतात. निवृत्ती पन्नाशीचा गडी. टोळीतली पोरं त्याला तात्या म्हणतात. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून फोन समोर धरून बोलत होता.

मला बघून म्हणाला, “या आक्का, हसा, लाइव्ह हाय!”

मी म्हटलं, “बंद कर ते. पोरीची नोकरी घालवलीस.”

त्यानं फोन खाली केला. त्याला ऋतुजाचा फोन आला होता, त्यानं आपल्याकडचं टाकलेलं काढलं होतं. पण का ते त्याला कळलं नव्हतं. मी सांगितल्यावर तो मडगार्डवरून खाली उतरला.

“आक्का, देवाशप्पथ सांगतो, मी तर जपून टाकलं व्हतं.”

“काय जपलंस?”

“मूळ व्हिडिओ सहा मिंटाचा हाय. त्यात पोरीनं त्या कंपनीच्या मॅडमची नक्कल केली. म्हटलं, हे कुणी बघितलं तर पोरीची नोकरी जाईल. म्हणून तेवढं कापलं, अन् केकाचं तेवढं ठेवलं.”

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. त्याला नक्कल दिसली आणि कोयता दिसला नाही. मलाही दिसला नव्हता. सखूला नाही, पोरीला नाही. रोज हातात असलेली वस्तू डोळ्यांना कुठं दिसते?

“मूळ व्हिडिओ हाय का पुसलास?”

“हाय की. असलं चांगलं कोण पुसंल?”

आम्ही ट्रॅक्टरच्या सावलीत तो बघितला. ऋतुजा ट्रॉलीच्या फळीवर बसलेली. उसाचं कांडं पेनासारखं धरलंय, नसलेला चष्मा बोटानं वर सारतेय. समोर सखू, तिची मुलाखत चाललीय.

“सो, टेल मी अबाऊट युवरसेल्फ,” ऋतुजा म्हणते. आवाज हुबेहूब. शब्द झाला की ओठ मुडपायची मॅडमची सवय आहे, ती सुद्धा.

सखू पदर सावरून म्हणते, “मी ऋतुजाची आय.”

“ओके. ओके. इंटरेस्टिंग. अँड व्हॉट इज युवर स्ट्रेंथ?”

“म्हंजी?”

“म्हंजी ताकद किती.”

“दिसाला दोन टन ऊस!” सखू म्हणते. “नवरा धरून.”

टोळी खो खो हसते. मग कुणीतरी केक आणतं, सुरी शोधतात, सुरी नाही. बाप आपला कोयता बाटलीतल्या पाण्यानं धुतो, सखूच्या पदराला पुसतो आणि पोरीच्या हातात देतो. ती हळूच, भाकरी मोडावी तसा केक कापते, त्यातला पहिला घास आईला भरवते. मग निवृत्तीचा आवाज येतो, “थांब, थांब! असं मिळमिळीत न्हाय. ह्यो तुकडा परत ठिव, कोयता वर कर, हितं बघ. डोळं मोठं कर. मी गाणं टाकतो.” ती लाजते. म्हणते, “तात्या, नको ओ.” मग करते.

यात सगळं होतं. कोयता कुणाचा, का, कुणी वर करायला लावला. ज्याला डोळे आहेत त्याला यातनं सगळं कळलं असतं. आणि पहिली तीन मिनिटं मॅडमची टिंगल होती.

निवृत्ती म्हणाला, “आक्का, नकलेचं कापून देतो. दोन मिंटाचं काम.”

 मोह झाला, का खोटं बोलू? माझ्या धंद्यात मी हेच केलं. बाईचा नवरा पितो हे साहेबाला सांगितलं नाही. बाई फटकळ आहे हे सांगितलं नाही. प्रत्येक बाईची बरी बाजू पुढं केली आणि उरलेलं कापलं. पण आता निवृत्तीनं कापलं म्हणून ही वेळ आली होती, आणि मी पुसायला लावलं म्हणून दुसरी. तिसऱ्यांदा कात्री चालवायची माझी हिंमत झाली नाही. आणि केक मधनंच सुरू झालेला दिसला असता तर मॅडमनी विचारलंच असतं, आधी काय होतं?

पण हे माझ्या एकटीनं ठरवायचं नव्हतं. एकदा तिला न विचारता पुसायला लावलं होतं. मी निवृत्तीकडनं ऋतुजाला फोन लावून घेतला.

पूर्ण व्हिडिओ मॅडमना दाखवू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “आक्का, त्यांनी नक्कल बघितली तर मी मेले.”

मी म्हटलं, “कोयता बघून मेलेलीच हायस. दुसऱ्यांदा काय मरणार?”

 मागं कोयत्यांचा आवाज येत होता, खच्च, खच्च. मग ती म्हणाली, “दाखवा. पन मी पन येते. माझ्या माघारी नको.”

निवृत्तीनं व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवला. आलेलं उघडता येतं, तेवढं सुनेनं मला शिकवलंय. चार वाजता ऋतुजा कंपनीच्या गेटवर आली. बापानं मोटारसायकलवर आणून सोडलं होतं. मुलाखतीला घातलेलाच ड्रेस, बोटांच्या पेरांत उसाचा काळा चीक तसाच. तो चार दिवस साबणानं निघत नाही. मी तिला गेटवर बसवलं आणि आत गेले.

मॅडमना मी आधीच सांगितलं, “पूर्ण सापडला. पन यात तुमची नक्कल हाय. बघायचा का न्हाय ते तुमी ठरवा.”

“माझी?”

“तुमची.”

त्यांनी फोन घेतला. मी समोर बसले. सहा मिनिटं लई मोठी असतात. फोनमधनं त्यांचाच आवाज येत होता, ओके, ओके, इंटरेस्टिंग. मॅडमचा चेहरा काही सांगत नव्हता. “दोन टन” ला ओठ हलले असं वाटलं, पण खात्री नाही. कोयता धुताना त्यांनी फोन जरा जवळ घेतला. व्हिडिओ संपला. त्यांनी परत सुरुवातीपासनं लावला आणि या वेळी आवाज वाढवला.

मग म्हणाल्या, “मी अशी बोलते?”

मी म्हटलं, “बोलता.”

“ओठ पण असे करते?”

“करता.”

त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. “कुठं आहे ती?”

“गेटवर बसलीय.”

मॅडमनी गेटवर फोन करून तिला आत पाठवायला सांगितलं. ऋतुजा दारात आली, चप्पल बाहेर काढून आली, तसं तिथं कुणी काढत नाही. उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, “ये, आत ये. ते कोयत्याचं मला कळलं. कोयता वर करायला कुणी सांगितलं तेही ऐकलं. वरच्या साहेबांना मी आत्ता हा व्हिडिओ दाखवते. तुझं नाव मी लिस्टमधून काढत नाही.”

ऋतुजानं मान हलवली.  मला वाटलं, सुटलो. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

“थांब,” मॅडम तिला म्हणाल्या. “ती नक्कल. ती माझ्यासमोर करून दाखव.”

पोरीचा चेहरा पडला. “मॅडम, चुकलं. परत न्हाय करणार.”

“चुकलं का ते मी विचारलं नाही. कर.”

मी मधे पडणार होते. मग म्हटलं, पडू नये. ती म्हणालीच होती, माझ्या माघारी नको.

 ऋतुजानं बोटानं नसलेला चष्मा वर सारला.  “सो, टेल मी अबाऊट युवरसेल्फ.” ओठ मुडपले. “ओके. ओके. इंटरेस्टिंग.” नक्कल कुठं सुटली नाही. फडात केली त्यापेक्षा बरी झाली, कारण आता अस्सल मॅडम समोर बसली होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आपलं पेन उचलून तिच्यापुढं धरलं.

“प्रश्न विचारायच्या आधी मी हे टेबलावर तीनदा आपटते,” त्या म्हणाल्या. “ते राहिलं. परत कर.”

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड खिडकीकडं फिरवलं, कारण मला हसू फुटायला लागलं होतं, आणि तीस वर्षांत कुठल्याही कंपनीच्या ऑफिसात मी दात दाखवले नव्हते. मागनं तीन ठोके ऐकू आले.